काट्याशेजारचा लॅपटॉप

मित्रांनो, जुना लॅपटॉप म्हटलं की तुम्ही नाक मुरडता, हे मला ठाऊक आहे. खुशाल मुरडा. मी आहेच तसा. माझा पंखा सुरू झाला की शेजारची माणसं दचकून वर बघतात, माझी दोन-तीन बटणं जोरात दाबल्याशिवाय ऐकत नाहीत, आणि माझ्या झाकणाला पांढऱ्या चादरीच्या कापडाची खोळ शिवलेली आहे. हो, शिवलेली! सुईदोऱ्यानं, बारीक टाके घालून. लॅपटॉपला टाके पडलेले तुम्ही कधी पाहिलेत का? मी तरी माझ्याशिवाय दुसरा पाहिलेला नाही. ते टाके कुणी घातले आणि कसे पडले, ते सांगावं म्हणून आज मी तोंड उघडलंय.

माझा जन्म एका झगझगीत कारखान्यात झाला. तिथे कुणाचा चेहराच दिसायचा नाही. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, हातात मोजे. एका बाईनं माझ्या पोटात पंखा बसवला, झाकण लावलं आणि मला पुढे सरकवलं. आई म्हणावी, तर तिची माझी भेट तेवढीच. तिथून मी एका विम्याच्या कचेरीत गेलो. सुरुवातीला माझे फार लाड झाले. "किती हलका आहे हो!" "पडदा बघा कसा लख्ख आहे!" असं म्हणत सगळे मला उचलून बघायचे आणि मी मनातल्या मनात फुगायचो. पण ज्या साहेबांच्या टेबलावर मी होतो ते सकाळी मला उघडायचे, पत्त्यांचा खेळ लावायचे आणि कुणाची चाहूल लागली की घाईघाईनं आकड्यांचा तक्ता पुढे आणायचे. माझी ताकद केवढी, आणि मी करत काय होतो, तर चौकटची राणी कुठे दडली आहे ते शोधत होतो!

मग कचेरीत नवे लॅपटॉप आले. मला चार्जरसकट कपाटात टाकलं. उरावर जुन्या फायली आणि आजूबाजूला अंधार. मित्रांनो, यंत्राला राबायचा कंटाळा नसतो. पडून राहायचा फार असतो. किती काळ तसा पडलो होतो कोण जाणे. एकदा ते कपाट उघडलं, आम्हां सगळ्या म्हाताऱ्यांची एकगठ्ठा विक्री झाली आणि मला एका धुलाई कारखान्याच्या मालकांनी घेतलं.

हा कारखाना म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे बरं का. शहरातल्या हॉस्पिटलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे गाऊन, तान्ह्या बाळांची दुपटी, सगळं इथे यायचं. एका टोकाला मळक्या कपड्यांची निवड, मग धुण्याची मोठी यंत्रं, मग वाळवणं, मग इस्त्रीचा लांबलचक रोलर, आणि शेवटी घड्या घालायची टेबलं. सगळीकडे वाफ. ट्रॉल्यांच्या चाकांचा खडखडाट. आणि या सगळ्याच्या मधोमध, बोळासारख्या वाटेवर, जमिनीत बसवलेला एक मोठा वजनकाटा. ट्रॉली या खोलीतून त्या खोलीत जायची तर काट्यावरूनच जायची. त्या काट्याशेजारी एक टेबल होतं आणि त्या टेबलावर मला बसवलं.

टेबलामागे जी बाई बसायची तिला सगळे काटेवाली म्हणत. तिचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी लोकांच्या कानावर पडायचं. चणीनं लहान, बोलण्यात फटाकडी. केसात खुपसलेलं पेन शोधत दिवसातून कितीदा तरी सगळं टेबल उलथंपालथं करायची. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिनं पदरानं माझा पडदा पुसला आणि म्हणाली, "या आजोबा, बसा. आपली जोडी जमतेय का बघू." मी तेव्हा इतकाही म्हातारा नव्हतो. पण राग आला नाही, खरं सांगतो.

तिला या कारखान्यात आणलं होतं तिच्या थोरल्या जाऊबाईंनी. या जाऊबाई रफूची खोली सांभाळायच्या. घड्या घालताना जी चादर फाटकी निघेल ती त्यांच्याकडे जायची. खिडकीपाशी म्हणे एक स्टूल, समोर शिलाई मशीन, हाताखाली दोघी बायका. त्यांचे गुडघे पार गेलेले. उभं राहायचं म्हटलं की भिंतीचा आधार लागायचा. पण एकदा स्टुलावर बसल्या की हात असा चालायचा, की फाटलेली जागा नंतर त्यांना स्वतःलाही सापडायची नाही. जीभही तशीच चालायची. धाकटी जाऊ त्यांना ताई म्हणे, त्या तिला नुसतं "धाकटे" म्हणत. दुपारी दोघी माझ्या टेबलावर डबे उघडायच्या आणि सगळ्या घराण्याची उणीदुणी काढून झाली की हात धुवायच्या. मी सगळं ऐकायचो. तुम्हांला सांगणार नाही, घरातल्या गोष्टी आहेत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मालकांनी कुठेसं ऐकलं, की हल्ली कोड लिहिता येत नसलं तरी माणसाला ॲप बनवता येतं, आणि धंद्याचे आकडे चित्रासारखे भिंतीवर लावता येतात. मालक हौशी माणूस. त्यांनी लगेच एका ऑनलाइन वर्गात कारखान्याच्या वतीनं नाव घातलं आणि मुकादमांना म्हणाले, "तुम्ही शिका." मुकादमांचा चेहरा कडू औषध प्याल्यासारखा झाला. ते थेट काट्यापाशी आले.

"काटेवाली, तू दिवसभर आकड्यांतच असतेस. हे तूच शीक."

"अहो, मी शाळेत गणितात कशीबशी सुटलेली बाई! मला काय जमणार?"

"मला तर तेही जमलं नव्हतं," मुकादम म्हणाले आणि निघूनच गेले.

असा तिचा अभ्यास सुरू झाला. जेवणाच्या सुट्टीत एका हातात घास आणि एका हातात माझा माउस. पडद्यावर एक सर यायचे. अतिशय शांत माणूस. ते सांगायचे, की आधी तक्ता करा. कुठल्या रकान्यात काय जाणार ते ठरवा. मग तयार चौकटी, तयार बटणं उचला आणि हवी तिथे ठेवा. मग प्रत्येक बटणाला समजावून सांगा, की तुला दाबलं तर काय करायचं. कोड न लिहिता ॲप जुळवायचं, हाच लो-कोडचा सगळा खेळ. काटेवालीला पहिले काही दिवस काहीच कळलं नाही. ती बटण उचलायची आणि ते भलत्याच जागी जाऊन बसायचं. "अरे बाबा, तिथे नाही, इथे!" असं ती माझ्यावर ओरडायची, जसा काही मीच हट्ट करत होतो. एकदा तर तिनं रागानं मला धाडकन मिटलं. थोड्या वेळानं पुन्हा उघडलं आणि म्हणाली, "चुकलं हं. लागलं नाही ना?" मित्रांनो, इतक्या वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं.

आणि एका दुपारी ते जमलं. सरांनी घरच्या कामावर एक लहानसं ॲप करायला सांगितलं होतं. तिनं घरातल्या भांड्यांच्या पाळीचं ॲप केलं. नवरा, मुलगी, मुलगा आणि ती स्वतः, चौघांच्या नावाची चार बटणं. ज्यानं भांडी घासली त्यानं आपलं बटण दाबायचं. आठवड्याच्या शेवटी त्याचा गोल चार्ट निघाला आणि त्यात नवऱ्याचा वाटा सगळ्यांत मोठा! काटेवाली चक्रावली. मग उलगडा झाला. नवरोबा भांडी न घासताच येता-जाता बटण दाबत होते. "बटण दाबायला कुठे पाणी लागतं?" असं वर त्यांचंच म्हणणं. जाऊबाई हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बेतात आल्या. "धाकटे, तुमच्या घरात भांडी कमी घासली जातात आणि बटणंच जास्त दाबली जातात."

हे तिनं सरांना सांगितलं तेव्हा तेही हसले. मग म्हणाले, "लक्षात ठेवा, चार्टला जेवढं सांगाल तेवढंच त्याला कळतं. त्याला ना डोळे, ना कान." काटेवालीनं मान डोलावली. मीही ऐकलं. पण तेव्हा ते कुणाच्याच नीट डोक्यात शिरलं नाही.

पुढे तिनं जे केलं ते बघून माझी छाती फुलून आली. तिनं अख्ख्या कारखान्याचं ॲप केलं. एकटीनं. प्रत्येक ट्रॉली काट्यावर चढली की वजन आपोआप भरायचं, आणि ट्रॉली कुठल्या खोलीतून कुठल्या खोलीत चालली ते बटण दाबून सांगायचं. ट्रॉली काट्यावर न चढवताच बटण दाबलं तर ॲप नोंद घ्यायचंच नाही, लाल अक्षरांत "वजन भरा" म्हणून अडून बसायचं. हा नियम तिनं स्वतः घातला होता आणि तिला त्याचा मोठा अभिमान होता. "आजोबा, आता कुणी चुकवूच शकणार नाही," ती मला म्हणाली. मग आकड्यांची चित्रं केली. प्रत्येक खोलीसाठी दोन उभे खांब. एक निळा, आत आलेल्या मालाचा. एक केशरी, बाहेर गेलेल्या मालाचा. रंग निवडायला तिला दोन दिवस लागले. साडी निवडतानाही बाई इतका विचार करत नसेल.

मालकांनी काट्यासमोरच्या भिंतीवर एक मोठा पडदा लावला आणि ते चित्र त्यावर झळकलं. इस्त्रीवाले, धुणारे, ट्रॉलीवाले, सगळे मान वर करून बघत होते. कुठली खोली तुंबली आहे ते आता ओरडून सांगावं लागत नव्हतं. मुकादम तर जणू हे सगळं त्यांनीच शिकल्यासारखे पाहुण्यांना समजावून सांगत. "कमाल केलीस गं," मालक म्हणाले. काटेवालीचे कान लाल झाले. ज्या लॅपटॉपवर पत्ते खेळले गेले त्याच लॅपटॉपवर हे झालं होतं. मला तर उडावंसं वाटत होतं.

पण त्या चित्रात एक जागा अशी होती, की तिकडे बघितलं की डोळ्यांत खुपायचं. रफूची खोली. निळा खांब रोज थोडा थोडा वाढायचा. केशरी खांब मात्र नव्हताच. एक रेघसुद्धा नाही. सगळ्यांत आधी ते मालकांच्याच लक्षात आलं. ते बराच वेळ पडद्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "ही खोली नुसती गिळतेय की. आत जातं ते बाहेर येतच नाही." मुकादमांनी मान हलवली. काटेवालीनंही बघितलं. आपण काढलेलं चित्र खोटं कसं असेल, असंच तिला वाटलं असणार.

महिनाअखेरीला रफूची खोली बंद करायची, फाटक्या चादरी चिंध्यांत काढून नव्या मागवायच्या, आणि तिथल्या तिघींना निवडीच्या कामाला लावायचं, असं मालकांनी जाहीर केलं. निवडीचं काम म्हणजे दिवसभर उभं राहायचं. हाताखालच्या दोघी तरुण होत्या, त्यांचं निभलं असतं. जाऊबाईंसाठी मात्र याचा अर्थ एकच होता. घरी बसा. कारखान्यात त्यांच्या गुडघ्यांना परवडेल अशी दुसरी जागाच नव्हती.

त्या दिवशी जाऊबाई डबा घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या, पण बसल्या नाहीत. भिंतीवरच्या पडद्याकडे बघून म्हणाल्या, "छान काढलंयस हो चित्र. रंगही छान आहेत." आणि डबा तसाच घेऊन लंगडत परत गेल्या. काटेवालीनं "ताई, अहो ताई" म्हणून हाक मारली. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. त्यानंतर दुपारची ती खुर्ची रिकामीच राहिली. काटेवाली जेवणाकडे बघायची आणि डबा बंद करायची. मला किती वाईट वाटत होतं काय सांगू! ते चित्र माझ्याच पोटातून निघालं होतं. पण मी लॅपटॉप. मला जेवढं सांगितलं तेवढंच मी दाखवलं.

ती मालकांकडे गेली. "ताई तिथे रिकाम्या बसत नाहीत हो," असं म्हणाली. मालक काही वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "मलाही बरं वाटत नाहीये. पण हे तूच दाखवलंस ना? आता मी कशावर विश्वास ठेवू, आकड्यांवर की तुझ्या नात्यावर?" ती परत येऊन माझ्यासमोर बसली आणि सगळे नियम, सगळी बटणं एकेक करून तपासू लागली. चूक सापडेना. सगळं जिथल्या तिथे होतं.

अशीच एका दुपारी ती माझ्या पडद्यात डोकं घालून बसली होती. तेवढ्यात रफूच्या खोलीतून एक ट्रॉली आली. त्यात रफू झालेल्या चादरी होत्या. ढकलणारी बाई काट्यापाशी थांबली. काटेवालीनं मान वरसुद्धा केली नाही. हात उचलला आणि नेहमीसारखं म्हणाली, "बाजूनं जा गं, बाजूनं. रफूचं काट्यावर नको."

आणि तो हात तसाच हवेत राहिला.

मित्रांनो, माझ्या पडद्याच्या वर एक छोटा डोळा आहे. त्यातून मी तिचा चेहरा पाहिला. आधी त्यावर काहीच नव्हतं. मग ती हळूच म्हणाली, "अगं बाई." मग मोठ्यानं, "अगं बाई गं! मीच की!"

झालं होतं असं. या कारखान्यात एक जुनी रीत होती. हॉस्पिटलाला बिल इस्त्रीला जाताना भरलेल्या वजनावर जायचं. आताच्या मालकांचे वडील कारखाना चालवायचे तेव्हा त्यांनी नियम घातला, की बिलात एकदा धरलेला कपडा पुन्हा इस्त्रीला जाताना तोलायचा नाही. चादर आमच्या हातून फाटली असेल, तर ती शिवून देणं आमचं काम. तिचं वजन पुन्हा धरून हॉस्पिटलाकडून दुसऱ्यांदा घ्यायचं नाही. फाटका माल रफूला जाताना तोलायचा, तो किती फाटलं ते कळावं एवढ्यासाठी. रफू होऊन आला की मात्र काट्याच्या बाजूनं, भिंतीकडेनं, थेट इस्त्रीला. ही रीत इतकी अंगवळणी पडली होती, की ती रीत आहे हे कुणाच्या ध्यानातच येत नव्हतं. काटेवाली स्वतः दिवसातून कितीदा तरी त्या ट्रॉलीला हातानं बाजूला काढायची. आणि ॲप बनवताना तिनंच नियम केला होता, की काट्यावरून न गेलेलं काही मोजायचंच नाही.

ती उठली ती थेट रफूच्या खोलीत. जाताना मलाही काखोटीला मारलं. मी त्या खोलीत पहिल्यांदाच जात होतो. खिडकीतून ऊन येत होतं आणि भिंतीला लागून शिवलेल्या चादरींच्या घड्या होत्या, पांढऱ्याशुभ्र. जाऊबाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"काय गं? खोलीचं माप घ्यायला आलीस?"

"ताई, चुकलं माझं. तुमचा माल मी मोजलाच नाही."

तिनं सगळं सांगितलं. जाऊबाई ऐकत होत्या, पण सुई थांबली नव्हती. शेवटी दोरा दातानं तोडून म्हणाल्या, "बरं मग? आता काय, सगळ्या चादरी काट्यावर चढवायच्या? ते मी करणार नाही. मोठ्या मालकांना शब्द दिलाय."

"तोलायच्या नाहीत. नुसत्या मोजायच्या. एक चादर झाली की एक बटण दाबायचं. तुम्हीच."

"तुझ्या त्या डब्यानं माझी खोली खाल्ली, आणि आता मीच त्याला घास भरवू?"

डबा म्हणजे मी, मित्रांनो. मला लागलंच ते. पण त्यांची बाजूही समजत होती. काटेवालीचे डोळे भरून आले. ती जमिनीवरच बसली, त्यांच्या स्टुलापाशी. "ताई, रागवा. घरी आल्यावर हवं तेवढं बोला. पण आत्ता एवढं शिकून घ्या. मला तुमच्याशिवाय इथे एक दिवस बसवणार नाही." जाऊबाईंनी नाक ओढलं, चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, "रडू नकोस. चादरीवर डाग पडतील. दाखव कुठे दाबायचं ते."

काटेवालीनं तिथेच मांडी ठोकून नवं पान केलं. मोठ्ठं बटण, त्यावर सुईचं चित्र. जाऊबाईंनी पहिलं बोट ठेवलं आणि लाल अक्षरं आली, "वजन भरा." काटेवालीनं कपाळावर हात मारला. तिचाच नियम! तिनं तो नियम रफूच्या पानापुरता काढून टाकला. दुसऱ्यांदा बोट ठेवलं आणि हिरवी खूण उमटली. जाऊबाई त्या खुणेकडे बघतच राहिल्या. "मी एवढी वर्षं शिवतेय," त्या म्हणाल्या, "पण ‘झालं’ असं कुणी म्हटलं नव्हतं." काटेवालीनं ते सुईचं पान त्यांच्या फोनवरही लावून दिलं, आणि मग त्यांना असा नाद लागला, की हाताखालच्या दोघींना त्या बटणाला हात लावू देईनात. भांडीवाल्या नवरोबांची आठवण ठेवून काटेवालीनं एक अटही घातली. चादर घड्यांच्या ढिगावर ठेवल्याशिवाय बटण दाबायचं नाही. "मी काय तुझा नवरा आहे का?" जाऊबाई फणकारल्या. पण त्या अट पाळायच्या.

मोजायला सुरुवात झाली तेव्हा महिनाअखेर जवळ आली होती. मागचं काही परत मोजता येणार नव्हतं, ते कुठेच नोंदलेलं नव्हतं. म्हणून जे होतं तेवढंच दाखवायचं ठरलं. काटेवालीनं सरांना विचारलं, की किलो आणि नग एकाच चित्रात कसे घालू? सर म्हणाले, "घालू नका. वेगळा प्रश्न आहे, वेगळं चित्र काढा." म्हणून तिनं रफूच्या खोलीसाठी स्वतंत्र चित्र काढलं. निळा खांब फाटून आलेल्या चादरींचा, त्या आता हाताखालच्या दोघी आत घेतानाच मोजायच्या; केशरी खांब शिवून पुन्हा बिछान्यावर गेलेल्या चादरींचा.

ठरलेल्या दिवशी मालक काट्यापाशी आले. मुकादम होतेच. माझा पंखा नको तेव्हा घरघरू लागला. काटेवालीनं ते चित्र भिंतीवर लावलं. दोन्ही खांब जवळजवळ सारख्याच उंचीचे. मालक जवळ गेले, मागे आले. "हे इतके दिवस कुठे होतं?"

"इथेच होतं मालक. माझ्या बाजूनं जात होतं. मीच हात दाखवून लावून देत होते." आणि तिनं त्यांना रीत सांगितली.

मग काट्याच्या बाजूनं, ज्या वाटेनं रफूची ट्रॉली येते त्याच वाटेनं, मालक रफूच्या खोलीकडे चालत गेले. दार उघडंच होतं. त्यांचा आवाज मला टेबलावर ऐकू आला. "बाई, बाबांचा हा नियम तुम्हांला अजून आठवतो?"

जाऊबाई म्हणाल्या, "त्यांनी मला इथेच बसून सांगितलेला. तुम्ही तेव्हा घड्यांच्या ढिगावर झोपलेले असायचात."

मालक हसले. बाहेर येऊन त्यांनी मुकादमांना सांगितलं, की नव्या चादरींची मागणी रद्द करा. आणि काटेवालीला म्हणाले, "खोली राहील. आणि तू यापुढे काही दाखवायच्या आधी त्या खोलीत एकदा जाऊन येत जा. मीही येत जाईन." दुपारी माझ्या टेबलावर पुन्हा दोन डबे उघडले. पहिला अर्धा तास जाऊबाईंनी काटेवालीची यथेच्छ खरडपट्टी काढली. तिनं ती मजेत ऐकून घेतली.

त्यानंतर तिनं कितीतरी ॲप केली. वर्गात आता तीच नव्या बायकांना शिकवते. पहिल्याच दिवशी सांगते, की आधी उठा आणि कोण कुठून जातंय ते डोळ्यांनी बघून या. मी तिच्यासारखं माणूस पाहिलं नाही, मित्रांनो. शिकताना लाजली नाही आणि चुकल्यावर लपली नाही. माझ्यावर किती हात फिरले, पण त्या हातांसारखे नाहीत.

आणि मी? वाफेनं आणि चादरींच्या तंतूंनी माझा पंखा गुदमरू लागला. एकदा उघडता उघडता माझी बिजागरी मोडली आणि झाकण मागे लोळलं. दुरुस्तीवाला म्हणाला, "याचे सुटे भाग आता मिळत नाहीत. भंगारात द्या." काट्याशेजारी नवा लॅपटॉप आला. मला एका खोक्यात ठेवलं आणि खोकं वाटेत, भिंतीकडेला. पुन्हा तोच अंधार आठवून माझा जीव कासावीस झाला. तेवढ्यात लंगडत लंगडत कुणीतरी आलं. खोक्यात डोकावलं. "काय रे डब्या, तुलाही बाजूनं काढलं का?" म्हणत जाऊबाईंनी मला उचललं.

त्यांनी मला मांडीवर घेतलं. चिमटा आणि ब्रश घेऊन पंख्यातले तंतू काढले. मग जुन्या चादरीचं चांगलं राहिलेलं कापड कापून माझ्या झाकणाला अभ्र्यासारखी खोळ शिवली आणि तिला दोन पट्ट्या जोडून मला ताठ उभं केलं. आता मी रफूच्या खोलीत, खिडकीपाशी असतो. माझ्यावर एकच पान उघडं असतं. सुईचं चित्र असलेलं.

म्हणून तुम्हांला एवढंच सांगतो, मित्रांनो. आम्हांला पुसत जा, आमचा पंखा मोकळा ठेवा, मोडलं की लगेच टाकू नका. आणि एखाद्याच्या नावापुढे चित्रात काहीच दिसलं नाही, तर तो काही करत नाही असं ठरवण्याआधी त्याच्या दारापर्यंत जाऊन या.

माझी खोळ शिवून झाली त्या संध्याकाळी काटेवाली काट्यापाशी दिवसाचे आकडे बघत होती. तिनं तिथूनच हाक मारली, "ताई, ढिगात चादरी आहेत त्यापेक्षा बटण एकदा जास्त कसं दाबलंय? एक जास्त येतोय!"

जाऊबाईंनी मशीनवरून मान न उचलता उत्तर दिलं, "तो तुझा डबा. मी शिवला, मी मोजला."